सतरा वर्षांनी परतलेला सूर

गेल्या आगमनकाळातील एका संध्याकाळी एक माता मला भेटावयास आली. तिच्या हातातील प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला एक काळा टी-शर्ट होता. त्यावर कवटीचे चित्र होते आणि सहजी वाचता येऊ नये अशा काटेरी अक्षरांत कुठल्याशा बँडचे नाव होते. "फादर, माझा मुलगा रात्री बारा-बारा वाजेपर्यंत हेच ऐकत बसतो. प्रार्थना-मेळाव्यात सांगितलं की हे सैतानाचं संगीत आहे. त्याच्या सगळ्या वस्तू जाळून टाकू का?" असे तिने विचारले.

पंचवीस वर्षांपूर्वी अशाच एका प्रश्नाला मी चटकन उत्तर दिले होते आणि ते उत्तर चुकीचे होते. म्हणून या खेपेस मी तिला म्हणालो, "आठ दिवस थांबा. तोवर काही जाळू नका." त्या आठ दिवसांत मनाशी जी जुळवाजुळव केली तीच थोड्या विस्ताराने येथे मांडत आहे. एखाद्या गोष्टीचा निवाडा करण्यापूर्वी तिचा इतिहास तपासावा, हे गुरुविद्यालयात आम्हाला शिकविले होते. हेव्ही मेटल या संगीतप्रकाराच्या बाबतीत तो तपासण्याचे कष्ट आपण फारसे घेतले नाहीत, आणि त्यात मीही आलो.

कारखान्यातून निघालेला आवाज

हे संगीत जन्मले ते इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या ॲस्टन या कामगारवस्तीत. टोनी आयोमी नावाचा एक तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तेथील यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. वय सतरा. आता वाजवणे संपले, असे त्याला वाटले. तेव्हा कारखान्यातील मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. आगीत डाव्या हाताची बोटे अधू झाल्यावरही राइनहार्ट युरोपातील श्रेष्ठ गिटारवादक ठरला होता. आयोमीने प्लास्टिक वितळवून आपल्या बोटांसाठी टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून स्वर खाली उतरवला. त्या खाली उतरलेल्या, जड, खर्जातील आवाजाचेच पुढे शास्त्र झाले. ज्याला आपण कर्कश म्हणतो, त्याच्या मुळाशी एका कामगार पोराची जखम आहे.

ब्लॅक सॅबथ हे त्याच्या बँडचे नाव. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९७० मध्ये निघाली. नाव ऐकूनच श्रद्धावंत दचकले, आणि त्यात नवल नाही. परंतु या बँडची बहुतेक गीते लिहिणारा गीझर बटलर हा आयरिश कॅथॉलिक कुटुंबातला मुलगा होता. १९७१ साली त्याने लिहिलेल्या 'आफ्टर फॉरएव्हर' या गीताचा विषय सरळसरळ देवावरील श्रद्धा हा आहे. श्रद्धेची टिंगल करणाऱ्यांनाच ते गीत प्रश्न विचारते. अंधाराविषयी लिहिणारा प्रत्येक जण अंधाराचा उपासक नसतो, हे स्तोत्रसंहिता वाचणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

त्यांच्या पहिल्याच गीतात एक विशिष्ट स्वरांतर येते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम. पाश्चात्त्य संगीतज्ञांनी या स्वरांतराला 'संगीतातील सैतान' असे टोपणनाव दिले होते. मध्ययुगीन ख्रिस्तसभेने त्यावर बंदी घातली होती अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. पण तशी बंदी असल्याचा कोणताही पुरावा नाही. रचनाकार ते टाळीत, कारण ते त्यांच्या कानाला अस्थिर वाटे, इतकेच. गंमत अशी, की हाच तीव्र मध्यम आमच्या यमन रागात संध्याकाळी लागला की जीव निवतो. तेव्हा स्वर निष्पाप आहे; त्याचे काय करावयाचे, हे माणूस ठरवतो.

वाद्यांचीही हीच कथा. आज आपण ज्याला देवळाचे वाद्य मानतो तो ऑर्गन प्राचीन रोममध्ये आखाड्यांत आणि खेळांत वाजे. ७५७ साली बायझंटाइन सम्राटाने फ्रँक राजा पेपिन यास एक ऑर्गन भेट म्हणून पाठवला, तोही दरबारी थाटाची वस्तू म्हणूनच. वेदीजवळ येण्यास त्या वाद्याला शतके लागली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये पवित्र उपासनेवरील दस्तऐवजात ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि त्याचबरोबर अन्य वाद्यांनाही, ती उपासनेस साजेशी असतील तर, दार उघडले. त्या दारातून गिटार आत आली. आमच्या लहानपणी काही आजोबा मंडळी गिटार दिसली की मिस्सा सोडून व्हरांड्यात उभी राहत, हे मी पाहिले आहे.

याचा अर्थ सगळेच निर्मळ आहे असा नव्हे. १९९० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेमध्ये या संगीताच्या एका टोकाच्या शाखेतील काही तरुणांनी जुनी लाकडी चर्चे जाळली. जून १९९२ मध्ये फान्टॉफ्ट येथील शेकडो वर्षांचे लाकडी चर्च भस्मसात झाले. ख्रिस्ताची उघड विटंबना करणारी गीतेही आहेत. ती मी ऐकत नाही, कोणी ऐकावीत असे म्हणणार नाही. पण मूठभरांच्या अपराधासाठी साऱ्या घराण्याला जबाबदार धरणे न्यायाचे नव्हे.

धोबीतलावाचा वारसा

मुंबईत हा आवाज आला तेव्हा त्याला ऐकणारे आणि वाजवणारे कान आधीच तयार होते. ते कोणी तयार केले, याचे उत्तर आपल्या वाचकांना अभिमानास्पद वाटेल. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. तीच मुले पोट भरण्यासाठी मुंबईस येत आणि धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत उतरत. तेथेच १८६५ पासून फुर्ताडो यांचे वाद्यांचे दुकान. हॉटेलांतील जॅझ बँड त्यांनी उभे केले आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंदही त्यांनीच रचले. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा ही नावे चित्रपटाच्या पडद्यावर क्वचितच झळकली. त्यांची कामगिरी मात्र घरोघरी रेडिओवर वाजली. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणून मोठी मैफल केली. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी पुढे 'अमर अकबर अँथनी' या १९७७ च्या चित्रपटातील गीताद्वारे गुरूचे नाव अजरामर केले.

त्याच झेवियर्सजवळ रंगभवन हे खुले नाट्यगृह आहे. मार्च १९८० मध्ये तेथे इंग्लंडचा 'द पोलिस' हा बँड वाजवून गेला. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा उत्सव याच रंगभवनामुळे नावारूपास आला. ऑगस्टचा पाऊस, ओले बाक, अंगावर चिकटलेले सदरे आणि घसा फाटेपर्यंत ओरडणारी महाविद्यालयीन मुले, हे त्या ठिकाणाचे चित्र आमच्या पिढीच्या मनात पक्के आहे. त्या काळी परदेशी वाद्यांवरील जकात सामान्य मुलाच्या आवाक्याबाहेर होती. बहुतेकांची गिटार कोलकात्याची गिव्हसन. तार तुटली तर तीच गाठ मारून पुन्हा लावणारे महाभागही मी पाहिले आहेत.

अशा वातावरणात १९८४ साली मुंबईत रॉक मशीन हा बँड स्थापन झाला. त्या वेळच्या बँडचे मोठेपण ते डीप पर्पल किंवा आयर्न मेडन यांची गाणी किती हुबेहूब वाजवतात यावर मोजले जाई. श्रोत्यांनाही तेच हवे असे. रॉक मशीनने आपली स्वतःची गाणी वाजवावयाचे ठरविले. वाचकांना ही गोष्ट साधी वाटेल. पण कीर्तनकाराने अभंग बाजूस सारून स्वतःची रचना लावली तर मंडपात काय होईल, याची कल्पना करा. त्यांची पहिली ध्वनिफीत 'रॉक अँड रोल रेनेगेड' १९८८ साली आली आणि दुसरी 'द सेकंड कमिंग' १९९० साली. उदय बेनेगल, महेश तिनईकर, जयेश गांधी, मार्क सेल्विन, झुबिन बालापोरिया, मार्क मेनेझिस: या बँडमध्ये वाजवून गेलेल्यांची नुसती नावे वाचली तरी मुंबईच्या एखाद्या लोकलच्या डब्यात उभे असल्यासारखे वाटते.

आरेतील एक कॅसेट

माझे बालपण आरे कॉलनीत गेले. वसईकडून नोकरीसाठी आलेले माझे वडील दुग्धशाळेत कामाला होते. शहरातील म्हशींचे गोठे वस्तीबाहेर न्यावेत आणि मुंबईला स्वच्छ दूध मिळावे, या हेतूने १९४९ साली आरेची वसाहत उभी राहू लागली. तिचे शिल्पकार दारा खुरोडी. १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पंडित नेहरूंच्या हस्ते १९५१ साली वसाहतीचे उद्घाटन झाले. बत्तीस तबेले आणि सुमारे सोळा हजार गुरे, असा तिचा पसारा. आमचा पत्ता रस्त्याच्या नावाने नसे, युनिटच्या क्रमांकाने असे. पहाटे बाटल्यांच्या क्रेटचा खणखणाट झाला की आमचा दिवस उजाडे. मी थट्टेने म्हणतो, की धातूचे संगीत मी पाळण्यातच ऐकले.

१९८८ साली मी अठरा वर्षांचा होतो. आमच्याच युनिटमधील एका मित्राने मला 'रॉक अँड रोल रेनेगेड' ही कॅसेट दिली. त्याच्या मावशीच्या टेपरेकॉर्डरवर आम्ही ती ऐकली. मला निम्मेही शब्द कळले नाहीत. कळले ते एवढेच, की ही मुले आमच्याच शहरात राहतात, आमच्याच लोकलने जातात आणि कोणाची नक्कल करीत नाहीत. पुढे एकदा, एकदाच, मी त्यांना रंगभवनात प्रत्यक्ष ऐकले. परतताना शेवटच्या लोकलने गोरेगावला उतरलो. बस बंद झालेल्या. बिबट्याच्या भीतीने मोठ्याने गात आम्ही दोघे आरेच्या काळोख्या रस्त्याने चालत घरी आलो. जून महिना होता. पहिला पाऊस पडून गेला होता आणि रस्त्याकडेच्या झाडांवर काजवे लखलखत होते. त्या रात्री मी फार सुखी होतो, असे आजही आठवते.

दुसऱ्याच वर्षी मी धर्मगुरू होण्यासाठी गुरुविद्यालयात दाखल झालो. आरे रस्त्यावरचेच सेंट पायस. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तरीही दुसऱ्या जगात. जाताना ती कॅसेट मी मित्राला परत केली नाही. ती ट्रंकेच्या तळाशी सदऱ्यांत गुंडाळून ठेवली. ती तेथे कोणी जप्त केली नाही, कारण तिच्याविषयी कोणाला मी कधी सांगितलेच नाही.

दरम्यान बाहेर बरेच घडत होते. १९९१ साली उपग्रह वाहिन्या आल्या. रॉक मशीनने १९९३ साली आपले नाव बदलून इंडस क्रीड असे ठेवले. नव्या नावात सिंधू नदी आली आणि पंथ हा शब्दही आला. त्याच वर्षी त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गीताच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ साली 'इंडस क्रीड' याच नावाची ध्वनिफीत आली. परंतु त्याच वर्षी अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया'ने देश वेडा केला होता. वाहिन्यांना हिंदी पॉप हवे होते, ध्वनिफीत कंपन्यांनाही तेच. इंग्रजीत स्वतःची गाणी गाणाऱ्या मुंबईच्या बँडला पारितोषिक होते, टाळ्या होत्या. पण पोट भरेल अशी बाजारपेठ नव्हती. १९९७ साली इंडस क्रीड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तेथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' हा नवा बँड काढला. इतरांनी आपापल्या वाटा धरल्या. पुढे, २००० साली आलेल्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनुसार रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवतालचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले आणि रंगभवनातील मैफलीही थांबल्या. नियम योग्यच होता. आजाऱ्याला झोप हवी. तरीही एका पिढीचे अंगण गेले, हेही तितकेच खरे.

माझे 'नाही'

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेखप्रपंच केला. १९९९ साली मी एका उपनगरातील धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. नवा अभिषेक, नवा उत्साह आणि सर्व प्रश्नांची उत्तरे खिशात. पाच मुले माझ्याकडे आली. शनिवारी संध्याकाळी पॅरिश हॉल रिकामा असतो. तेथे सराव करू द्याल का, असे त्यांनी विचारले. ड्रम्स जुने, गिटार मागून आणलेली. आवाज कमी ठेवू, झाडलोट आम्हीच करू, अशी त्यांची तयारी होती.

मी त्यांना बसवून अर्धा तास उपदेश केला. या संगीतात अंधार आहे, बंडखोरी आहे, ते तरुणांना ख्रिस्तापासून दूर नेते, वगैरे वगैरे. त्यांतील सर्वात लहान मुलगा, जेमतेम सोळा वर्षांचा, शांतपणे म्हणाला, "फादर, तुम्ही ऐकलंय का कधी?"

आणि मी म्हणालो, "नाही."

माझी ट्रंक त्याच खोलीच्या वरच्या मजल्यावर होती. कॅसेट अजून तिच्या तळाशी होती. कोंबडा आरवला नाही. मात्र त्या रात्री मला झोप लागली नाही. झगा अंगावर असताना ज्या गोष्टीने मला एकदा निखळ आनंद दिला होता ती ओळखीची आहे, हे कबूल करण्याची मला लाज वाटली होती. मुलांना हॉल मिळाला नाही. ती पुढे कोठे सराव करीत, मला ठाऊक नाही. तो लहान मुलगा रविवारच्या मिस्सेला दिसेनासा झाला. त्याच्या आईने दोनदा माझ्याकडे तक्रार केली, तेव्हाही मी खरे बोललो नाही. माझी पुढे बदली झाली.

पुनरागमन

२०१० साली इंडस क्रीड पुन्हा एकत्र आल्याची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली. जुन्यांपैकी बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघे. त्यांच्या जोडीला रुशाद मिस्त्री आणि जय राव कवी हे दोन तरुण. २०१२ साली त्यांची 'इव्हॉल्व्ह' ही ध्वनिमुद्रिका निघाली. १९९५ ते २०१२. मध्ये सतरा वर्षे.

तिच्या अंतिम ध्वनिमिश्रणाचे काम टिम पामर यांनी केले. पर्ल जॅम या अमेरिकी बँडच्या 'टेन' या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेचे मिश्रण त्यांचेच. ज्या बँडने एके काळी मिळेल त्या साधनांवर ध्वनिमुद्रण केले, त्याला आता जगातील कसलेल्या कारागिराचा हात लाभला होता.

त्या पावसाळ्यात एका अंत्यविधीच्या वेळी तो मुलगा मला भेटला. मुलगा कसला, तिशीला टेकलेला गृहस्थ. त्याने मला ओळखले, मी त्याला. निरोप घेताना त्याने पिशवीतून एक सीडी काढून माझ्या हाती दिली. "फादर, तुम्ही ऐकलेलं नाही म्हणाला होता ना? हे ऐका. जमलं तर." त्याच्या स्वरात टोमणा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. दफनभूमीच्या फाटकाशी, छत्रीखाली उभे राहून, मी त्याला खरे काय ते सांगितले. रंगभवन, आरेचा रस्ता, ट्रंकेतील कॅसेट, सारे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग हसून म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतंत फादर, तर तुम्हालाच गिटार दिली असती."

रात्री खोलीचे दार लावून मी 'इव्हॉल्व्ह' ऐकली. प्रथम ऐकताना निराश झालो, हे प्रामाणिकपणे सांगतो. मी अठरा वर्षांचा होऊन ऐकत होतो. मला रंगभवनातला तो चढा, धसमुसळा आवाज पुन्हा हवा होता. आणि समोर आले होते ते पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांचे गाणे. गती आवरलेली, वळणे अधिक, एका गीतात दोन-तीन मनःस्थिती. 'फायरफ्लाइज' या गीताचे शीर्षक वाचले आणि आरेतील काजवे आठवले. पण गीत माझ्या आठवणीसाठी लिहिलेले नव्हते, हे लवकरच ध्यानी आले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकली, मग आठवडाभर ऐकत राहिलो. हळूहळू उमगले, की ही माणसे तारुण्याची नक्कल करीत नाहीत. १९८८ साली त्यांनी परक्यांची नक्कल नाकारली होती. २०१२ साली त्यांनी स्वतःचीच नक्कल नाकारली. माझ्या मते हे दुसरे काम अधिक कठीण. कारण चाहता जुनेच मागतो आणि त्याला जुने दिले की तो टाळ्याही वाजवतो. ज्यांना 'टॉप ऑफ द रॉक' हे जुने गीतच पुन्हा हवे होते, त्यांना ही ध्वनिमुद्रिका कोरडी वाटली असेल, तर मी त्यांच्याशी भांडणार नाही. मलाही दोन-तीन ठिकाणी सफाई जास्त आणि धग कमी वाटली. काठाच्या खरबरीतपणाला जी गोडी असते ती जगातल्या उत्तम मिश्रणानेही परत आणता येत नाही. पण तरुण ढोलकऱ्याने आणि बेसवादकाने जुन्या खोडाला जी पालवी फोडली आहे, ती ऐकण्यासारखी आहे. वडीलधाऱ्यांनी तरुणांना केवळ जागा न देता त्यांची लय स्वीकारली तर काय होते, हे आमच्या पॅरिश कौन्सिलनेही ऐकावे असे मला वाटून गेले.

पुढच्याच वर्षी, जून २०१३ मध्ये, ब्लॅक सॅबथनेही '१३' या नावाने पुनरागमन केले. ऑझी ऑझबर्न, आयोमी आणि बटलर या तिघांनी मिळून पूर्ण ध्वनिमुद्रिका करण्याची ती कित्येक दशकांनंतरची वेळ. ब्रिटनमध्ये ती पहिल्या क्रमांकावर गेली. १९७० नंतर हा मान त्यांना प्रथमच मिळाला. तिच्यातील गाजलेल्या गीताच्या शीर्षकात देवाच्या मृत्यूविषयी विचारले आहे, आणि शेवटी प्रश्नचिन्ह आहे. पुष्कळांनी शीर्षक वाचले, प्रश्नचिन्ह वाचले नाही. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्ये, जन्मस्थानापासून हाकेच्या अंतरावर, त्यांनी शेवटची मैफल केली आणि २२ जुलैला ऑझी ऑझबर्न निवर्तले. त्या मैफलीत ते उभे राहू शकत नव्हते. आसनावर बसून गायले. ते दृश्य पाहून मला वार्धक्यात थरथरत्या हातांनी मिस्सा अर्पण करणारे आमचे एक ज्येष्ठ धर्मगुरू आठवले. तुलना कोणास खटकली, तर क्षमा असावी.

परतणे म्हणजे काय

आरेच्या दक्षिण टोकाला, आता सीप्झच्या आवारात, १५७९ साली बांधलेल्या संत योहान बाप्टिस्टा यांच्या देवळाचे भग्नावशेष आहेत. १८४० च्या साथीत ते सोडून भाविक मरोळला गेले. आजही मे महिन्यात लोक तेथे सणाला जमतात, छप्पर नसलेल्या भिंतींमध्ये मिस्सा होते. कोणी म्हणत नाही की १८४० पूर्वीचे सारे परत आले. तरी कोणी येणे थांबवीत नाही.

आरेही ती राहिली नाही. दुधाच्या काचेच्या बाटल्या गेल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्री झाडे पडली आणि शहरातील तरुण काळोखात धावत तेथे पोहोचले. त्यांतील काहींच्या अंगावर मी त्या मातेने आणला होता तसलेच काळे टी-शर्ट पाहिले. हेच ते, आम्ही ज्यांना भरकटलेले म्हणतो.

आठ दिवसांनी ती माता परत आली. मी तिला एवढेच सांगितले, "जाळू नका. एका रात्री त्याच्या शेजारी बसा आणि एक गाणं पूर्ण ऐका. मग त्यालाच विचारा, यात तुला काय ऐकू येतं? जे वाईट असेल ते तुम्हालाही कळेल, त्यालाही कळेल. आणि तुम्ही स्वतः तरुणपणी काय ऐकत होता, तेही त्याला सांगा. खरं सांगा."

ती थोडी लाजली. तरुणपणी ती काय ऐकत असे, हे मी विचारले नाही. टी-शर्टची पिशवी मात्र तिने माझ्या टेबलावरून उचलली. जाताना म्हणाली, "धुऊन ठेवते, फादर. रविवारी शोधत होता तो."